चहाचा रूट

ओंगारच्या गुरुनाथला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या, एक खोचक जीभ आणि दुसरी स्वतःविषयीचं अत्यंत चांगलं मत. तिसरी गोष्ट त्याने स्वतः मिळवली, ती म्हणजे रोड सायकल. सायकलने ऑफिसला जाणाऱ्यांना इथलं आयरिश सरकार करात सूट देतं. त्या सवलतीत त्याने फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसला जाण्यासाठी सायकल घेतली आणि मार्चमध्ये ऑफिस बंद झालं. याला म्हणतात मुहूर्त!

पण हार मानेल तो गुरुनाथ कसला. लॉकडाउनमध्ये घरापासून दोन किलोमीटरची हद्द होती तेव्हा तो कॉलनीतच घाण्याच्या बैलासारखा फिरला. पाचची झाली तेव्हा शेजारचं क्लोनी गाव गाठलं. पुढे हद्द आणखी सैल झाली, तसे त्याने मीथ काउंटीतल्या आडरस्त्यांचे नकाशेच करायला घेतले. मधोमध गवत उगवलेले, दोन्ही बाजूंनी झुडपांच्या कुंपणांनी दाबलेले, समोरून ट्रॅक्टर आला की सायकलवाल्याने चरात उभं राहावं, असे ते रस्ते. चढ म्हणाल तर पर्वती चढणाऱ्या आजोबांनाही हसू येईल इतपत. वर्णन मात्र हिमालय ओलांडून आल्यासारखं. प्रत्येक रूटला नाव, प्रत्येकाला तारे आणि खाली पुणेरी टीप: 'कुत्रा भुंकतो. भुंकू द्यावा. चावल्यास मालकाशी इंग्रजीत भांडावे.' मराठी मंडळाच्या ग्रुपवर लोक त्याला अंगठे पाठवायचे. त्यातला एकही जण सायकल बाहेर काढत नसे, तो भाग वेगळा.

त्याची बायको वीणा मूळची नागपूरची, टॅलाच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. गेलं वर्षभर ती आयसीयूच्या ड्यूटीवरच होती. गालांवर मास्कचे वण घेऊन घरी यायची, जेवायची, झोपायची. अशात २०२१च्या एप्रिलमध्ये नागपूरला तिची आई कोविडने गेली. जाणं शक्यच नव्हतं. अंत्यविधी तिने ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत फोनवर पाहिला.

गुरुनाथलाही सासूबाईंचा लळा होता. पण वाईट वाटलं की काय बोलायचं, हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. त्याला यायचे ते टोमणे, आणि ते इथे चालणार नाहीत एवढी अक्कल होती. मग पठ्ठ्याने काय केलं? विमानांचे नियम काढले, क्वारंटाइनचे नियम काढले, ते तक्त्यात मांडले आणि बायकोला मेल केले. एकाच घरात राहणाऱ्या बायकोला, मेल! वर म्हणाला, "वाचून घे." वीणाने वाचलं नाही. ती रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

नंतर एकदा ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "गुरू, मला काही नको रे. कुणाच्या तरी दारात जाऊन बसावं आणि त्यांनी आयता चहा हातात द्यावा, एवढंच वाटतं." ती माहेराबद्दल बोलत होती. तसं तिने म्हटलं नाही, तरी गुरुनाथला ते कळलं. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

तेव्हा कॅफे बंद होते आणि दुसऱ्याच्या घरात जायला बंदी होती. दहा मेपासून अंगणात बसता येणार होतं. शहाण्या माणसाने एखाद्या मराठी स्नेह्याचं अंगण गाठलं असतं. पण ओळखीचे लोक आईचा विषय काढणार आणि मग वीणाचं काय होणार, या विचारानेच गुरुनाथला धडकी भरायची. म्हणून त्याने अनोळखी माणूस शोधला आणि अर्थातच रूट आखला: डनबॉइन, बॅटर्सटाउन, तिथून आतल्या रस्त्यांनी किलमेसनच्या अलीकडे, सव्वीस किलोमीटर.

तिथे नोएल नावाच्या शेतकऱ्याचं फाटक होतं. नोएल ट्रॅक्टरवरून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. त्या भागात सगळेच रस्त्यावरच्या कुणालाही असं बोट उचलतात. गुरुनाथने त्याचा अर्थ जिवलग मैत्री असा घेतला. एक दिवस फाटकाशी थांबून तो म्हणाला, "सोळा तारखेला, रविवारी अकरा वाजता बायकोला घेऊन येतो. अंगणात बसू. चहा द्याल का? दूध उकळून घातलेलं बरं. आलं असेल तर उत्तमच."

नोएलने त्याला बुटांपासून हेल्मेटपर्यंत न्याहाळलं. "आय विल, येह," तो म्हणाला. "अँड स्कोन्स."

चहासोबतचे ते गोडसर पाव, स्कोन्ससुद्धा! गुरुनाथ हरखून गेला. माणसं असावीत तर अशी, असं त्याने ग्रुपवर लिहिलं.

ठरल्या रविवारी वीणा सायकलवर त्याच्या मागून निघाली. हॉथॉर्नची कुंपणं पांढऱ्या फुलांनी गच्च भरली होती, गाई मान वर करून बघत होत्या, आणि आपला नकाशाकार दर दोन किलोमीटरला "आता चढ, नऊ मीटर!" असं ओरडत होता. बॅटर्सटाउनच्या पुढे एकदा उतरून वीणाने पिंडऱ्या चोळल्या आणि विचारलं, "चहा नक्की आहे ना?"

"अगं, स्कोन्स आहेत!"

नोएल गमबूट घालून अंगण धूत होता. दोघांना पाहून त्याच्या हातातला पाइप त्याच्याच बुटावर वाहत राहिला. "आलात?" एवढंच तो म्हणाला. टेबल नाही, खुर्ची नाही, स्कोन्सचा पत्ता नाही.

वीणाने हळूच विचारलं, "नक्की काय म्हणाला होता तो?"

"आय विल, येह."

"असं? येऽह, लांबवून?"

"अगदी अस्संच!"

"गुरू, आमच्या नर्सेस दिवसातून दहा वेळा म्हणतात हे. याचा अर्थ 'हो, देतो हं, बस वाट बघत!' नाही म्हणाला होता तो तुला."

घ्या! उभी हयात ज्याने लोकांना कोपरखळ्या मारल्या, त्याचा गमबूट घातलेल्या शेतकऱ्याने तीन शब्दांत त्रिफळा उडवला होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ते काही खोटं नाही. पण गुरुनाथला त्याची लाज वाटली नाही. त्याने वीणाच्या घामेजलेल्या, ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. हिने एक कप चहा मागितला होता, आणि तोही आपल्याला जमला नाही.

नोएल कानापर्यंत लाल झाला होता. "चहा घ्याल ना मग?" त्याने विचारलं.

"नको, नको, वी आर ग्रँड," वीणा इथल्या पद्धतीने म्हणाली.

"अहो, घ्या की."

"खरंच नको, उगाच त्रास."

तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही, सरळ आत गेला. दोनदा नको म्हटल्याशिवाय कुणाकडे काही घ्यायचं नाही, हे वीणाला तिच्या आईने शिकवलं होतं. नोएलच्या आईनेही त्याला हेच शिकवलेलं दिसत होतं. गुरुनाथ सायकल धरून उभा राहिला. म्हणजे या देशात हो म्हणजे नाही, आणि नाही म्हणजे टाक चहा! पाच वर्षं राहून हे त्याच्या एकाही नकाशात नव्हतं.

नोएलने दोन खुर्च्या आणल्या, मग चहाचे मग आणि लोणी लावलेला सोडा ब्रेड. चहात आलं नव्हतं. तो चार हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "इंडियाचं रोज बघतो टीव्हीवर. तुमची माणसं बरी आहेत ना?"

गुरुनाथने घाईघाईने हवेचा विषय काढायला तोंड उघडलं. पण वीणा बोलून गेली. "माझी आई गेली. महिना होत आला."

नोएलने हात पुढे केला, कोविड आठवून मागे घेतला आणि डोक्यावरची टोपी काढली. "सॉरी फॉर युअर ट्रबल," तो म्हणाला. मयताच्या घरी तिथला जो तो हेच म्हणतो, त्यात नवीन काही नव्हतं. पण वीणाने हातातला मग खाली ठेवला, आणि ती हुंदके देऊन रडली, त्या महिन्यात पहिल्यांदा.

नोएल गाई बघायच्या निमित्ताने गोठ्याकडे निघून गेला. गुरुनाथ खुर्ची सोडून तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"वीणा," तो कसाबसा म्हणाला, "आई गेल्या. मला फार वाईट वाटतंय गं. मला बोलताच आलं नाही."

वीणाने बाहीने नाक पुसलं आणि ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "एवढं बोलायला सव्वीस किलोमीटर आणलंस होय रे मला?"