मावशीनं दाखवलेली दिशा

ओनासेक माझ्या आईची थोरली बहीण. खाडीत काठ्या रोवून मासे अडवायचा कूड घालावा तर तिनंच. भरतीबरोबर आत आलेला मासा तिच्या कुडातून परत जायचा नाही. तोंडानं फटकळ, आणि मनात धरलेलं काही म्हणून सोडायची नाही.

ती विशीत असताना गोरे आमच्या गावात आले. त्यांची चांदीची वाटी हरवली. ती मिळेना, तेव्हा त्यांनी घरं पेटवली, कणसाला आलेला मका पेटवला. लाल दाढीवाला एकजण मशाल घेऊन शेतातून ओळीओळीनं फिरला. मावशीनं ते लव्हाळ्यात दडून पाहिलं. त्या हिवाळ्यात आजी उपासमारीनं गेली.

दोन वर्षांनी गोरे पुन्हा आले आणि बायकापोरांसह आमच्या किनाऱ्यासमोरच्या रोआनोक बेटावर राहिले. रसद आणायला गेलेलं त्यांचं जहाज फिरकलंच नाही. पोटं खपाटीला गेली, तसे ते पांगले. काहीजण नदीनं वर, आमच्या सोयऱ्यांच्या आसऱ्याला गेले. त्यांच्यात टॅमसिन नावाची लाल केसांची पोर होती.

"तुझा बाप इथं येऊन गेलाय का गं?" सोयऱ्यांकडे गेलेल्या मावशीनं तिला विचारलं.

"हो, पहिल्या खेपेला. आता जहाजाबरोबर येईल की!"

मावशीनं तिचे लाल केस एकवार नीट पाहून घेतले.

जहाज आलं ते तीन वर्षांनी. बेट ओस पडलेलं. मावशी आणि आई कमरेभर पाण्यात कुडाच्या काठ्या बांधत होत्या. तोच लाल दाढीवाला किनाऱ्यावरून हाका मारत त्यांच्यापाशी आला. दाढी निम्मी पिकली होती. आमची बोली तो मोडकीतोडकी बोलायचा.

"बाई, लेक माझी. लाल केस. कुठं?"

आई पुटपुटली, "ताई, सांगून टाक. दोन दिवसांची तर वाट."

"गप बस. आपली आई जाताना काय मागत होती? मूठभर मकाच ना?"

मावशीनं हात उचलला आणि उघड्या समुद्राकडे बोट दाखवलं.

"बुडाली?"

त्याच्या डोळ्यांत बघत तिनं सावकाश होकाराची मान हलवली. तो लेकीला हाका मारत खोल पाण्याकडे निघाला. सोबत्यांनी काखांत हात घालून त्याला ओढत नेलं. वारा फिरला होता, संध्याकाळच्या आत जहाज निघून गेलं. त्या दिवशी मावशी पोटभर जेवली, असं आई सांगायची.

पुढं टॅमसिननं मावशीला विचारलं, "जहाज आलं होतं म्हणे?"

"आलं. पाणी भरून गेलं."

"आणि माझा बाप?"

"मी नाही बाई पाहिला."

टॅमसिन आमच्यातच नांदली, चार पोरांची आई झाली. मावशी अंथरुणाला खिळली तेव्हा मक्याची पातळ कण्हेरी भरवायला तीच यायची. एकदा ती बाहेर गेल्यावर आईनं विचारलं, "ताई, वाईट वाटतं का गं कधी?"

"वाटतं ना," मावशी म्हणाली. "हे कशापायी, ते त्याला सांगायचं राहिलं."