मामाचा चंदेरी रंग आणि माझी गंजकी सायकल

आधी अक्काचं सांगतो, मग बाकीचं. बिदरजवळच्या हळ्ळीखेडला आमच्या घरासमोर कपड्याचा साबण करून विकणारी एक बाई राहते. नात्याची नाही, पण सगळी गल्ली तिला अक्काच म्हणते. आज मी घरापासून रात्रभराच्या प्रवासावर, बेंगळुरूत, जुन्या सायकली नव्यानं घडवणाऱ्या कारखान्यात काम करतो ते तिच्यामुळं. मामामुळं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण मामा गावभर उलटं सांगत फिरतो.

माझं शिक्षण नववीपर्यंत. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं कन्नड. बोलायला कन्नड मला फाडफाड येतं, पण त्यातून बीजगणित काही डोक्यात शिरेना. मास्तर म्हणाले, "तू मागं बस बाबा." दोन वर्षं मागं बसलो, मग उठलो आणि आमच्याच गल्लीतल्या मामाच्या पिठाच्या गिरणीत आलो.

गिरणीच्या मागं पत्र्याखाली मी ती सायकल बांधली. भंगारातला चोवीस इंची सांगाडा, तोही वाकलेला. मागची बाजू कापून वीतभर लांब केली. दोन साखळ्यांची एक केली. ट्रॅक्टरची लोखंडी सीट पार खाली बसवली, मोटारसायकलचं रुंद हँडल उलटं लावलं, दिवा एका मेलेल्या मोपेडचा. आणि गंज. अशा मुद्दाम जुनाट ठेवलेल्या सायकलीला गंज हाच रंग असतो. तो आपोआप येतो असं लोकांना वाटतं. आठ महिने मी मिठाचं पाणी शिंपडत, उन्हात फिरवत तो सगळीकडं सारखा आणला होता, आणि पाहिजे तेवढा झाल्यावर जवसाचं तेल चोळून तिथंच थांबवला होता. चेनकव्हरला मात्र हात लावला नव्हता. त्यावर कुण्या जुन्या मालकानं पिवळ्या रंगात 'दुबलगुंडी' असं आपल्या गावाचं नाव काढून घेतलं होतं. फिकं झालेलं, पण हातानं काढलेलं. सगळ्या सायकलीत मला तेच जास्त आवडायचं.

बेंगळुरूच्या कारखान्याच्या मालकानं मी पाठवलेले तिचे फोटो फोनवर पाहिले आणि निरोप दिला: दसऱ्याला बिदरकडं येतोय, वाटेत सायकल बघतो, मग कामाचं बोलू. माझ्याकडं दाखवायला दहावीचा मार्कमेमो नव्हता. सायकल होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी प्रत्येक हत्यार, यंत्र, गाडी धुऊन, रंगवून पूजेला मांडतात, आणि दिवसभर त्यांना कामाला लावत नाहीत. सकाळी मी गिरणीवर गेलो तर सायकल झेंडूच्या हारात उभी. चंदेरी. सांगाडा, सीट, चेनकव्हर, एवढंच काय, साखळीसुद्धा.

"मामा, हे काय केलं तुमी?"

"काय केलं म्हंजे? रंगिवलं. गिरणीला आणलेला उरला व्हता, काल सांजच्याला मारून टाकला. गंजकं हत्यार देवीपुढं ठेवत्यात व्हय?"

"मी गंजवली होती ती!"

मामा प्रसादाला आलेल्या बायांकडं वळला. "ऐका गं. लोकाची पोरं लोखंड घासायलीत, आमचं गंजवायलंय!"

बाया हसल्या. मी मामाला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चाकाखाली ठेवलेलं लिंबू लाथेनं उडवलं, ते जाऊन गिरणीच्या दाराला लागलं. मला अजून त्याचं वाईट वाटत नाही. विचारायला काय झालं होतं? आठ महिने मी त्याच्या नाकासमोर काम करत होतो, एकदा तरी विचारलं असतं, कामून असं करायलास म्हणून. शिकलेल्या पोराची वही कुणी चुन्यानं रंगवत नाही. माझ्या कामाला हात लावायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नव्हती.

आरडाओरडा ऐकून अक्का आली. "कामून वरडायलास रं सणासुदीचं?"

मी सांगितलं. उद्या माणूस येणार, आणि त्यानं बघायची ती सायकलच राहिली नाही. घासून काढावा तर खालचा गंजही जाणार. तिनं रंगावर नख ओढून बघितलं.

"साबणाचा सोडा सांडून माझ्या दाराचा रंग असाच गेलता. लोखंडाला का गंजाला कायबी करत न्हाई त्यो. माझी कढई बघ की, किती वर्सं झाली." मग चेनकव्हरकडं बोट केलं. "पर ह्येच्याखालचं अक्षर बी जाईल. त्यो बी रंगच."

मी म्हणालो, जाऊ दे.

अक्काची कढई आणि बादली तिच्या ओट्यावर पूजेला मांडलेली होती. तिनं हात जोडले, वरची फुलं उचलून बाजूला ठेवली आणि बादली घेतली.

मामा ओरडला, "अक्का, आज हत्याराला हात लावायलीस?"

"तुमी लावलाव नव्हं त्येच्या हत्याराला? मग?"

हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून आम्ही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात गोणपाट भिजवलं आणि सांगाड्याला गुंडाळलं. चंदेरी रंग फसफसायला लागला. अक्का म्हणत होती, दम धर, अजून धर. मला दम नव्हता. मामा दारात उभा राहून "बघू, काय दिवे लावतोस" म्हणाला आणि मी रागानं एक गोणपाट खस्सकन ओढलं. त्याचं पाणी अक्काच्या उजव्या मनगटावर उडालं.

ती नळाखाली हात धरून कितीतरी वेळ बसली आणि तिथूनच मला सांगत राहिली, आता धू, आता सोड्याला उतारा म्हणून चिंचेचं पातळ पाणी लाव, परत धू. दुपार कलेपर्यंत गंज वर आला. मी परत तेल चोळलं. चेनकव्हर कोरं निघालं. 'दुबलगुंडी' आता माझ्या फोनमधल्या एका फोटोत आहे, बाकी कुठं नाही.

दुसऱ्या दिवशी मालक आला. सायकलवर बसला, बसस्टँडपर्यंत जाऊन आला. सांध्यांच्या खाचांत चंदेरी रंगाच्या बारीक रेघा राहिल्या होत्या, त्या काही केल्या निघाल्या नव्हत्या. त्यावर बोट ठेवून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, हे मुद्दाम ठेवलंस का? मी हो म्हणालो. मागून चहा घेऊन आलेला मामा म्हणाला, "रंग माझा हाय, साहेब!" मालक हसला. मला काम मिळालं.

तेव्हापासून मामा दळायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, माझ्या रंगानं पोराला नोकरी लागली. परवा फोनवर विचारत होता, "आनखी एक डबा पाठवू का रं?" मी फोन ठेवून दिला. इथं मालकानं हाक मारली तरी अजून वाटतं, आता मार्कमेमो मागेल. मागत नाही. वेल्डिंग बघतो, मान हलवतो, जातो.

अक्काच्या मनगटावर बांगडीच्या जागी डाग आहे. तो मामाचा नाही, माझा आहे. साबणाची पाटी ती अजून डोक्यावर घेऊनच बाजाराला जाते. सुट्टीवर गेलो तेव्हा म्हणालो, अक्का, तुला तीन चाकांची सायकल करून देतो, पुढं पेटी असलेली. ती म्हणाली, "दे की. पर मला गंजकी नगं बाबा. निळी कर."

करीन, अक्का. पेटी तुझ्या पाटीच्या मापाची करीन, निळ्या रंगाचे दोन हात मारीन, आणि पेटीवर आपल्या गावाचं नाव पिवळ्यात, हातानं काढीन. आणि मामाचा ब्रश तिच्या आसपास फिरकू देणार नाही.