तपासणार : भास्कर

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर, टाकीत किती पाणी उरलंय ते काठी घालून बघत होतो. "भाऊजी, हे गेले हो... चहा मागितला अन् कप हातात घ्यायच्या आधीच..." काठी हातातून सुटून टाकीत पडली. भास्कर माझा तीस वर्षांपासूनचा मित्र. आणि गेली चार वर्षं मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो.

शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "भास्करराव राजकारणापासून सदैव अलिप्त राहिले." सगळ्यांनी माना डोलावल्या. साफ खोटं! अलिप्त राहायचा हट्ट माझा होता, आणि त्या हट्टापायी मी त्याला तोडलं. पहिल्या रांगेत बसून मी मात्र गप्प राहिलो, म्हणून हे आता इथं लिहितोय.

भास्कर देवगाव रंगारीचा, शेतकऱ्याच्या घरातला. मी पिढीजात कारकुनांच्या घरातला. दोघंही एकाच कंपनीत कॉम्प्युटरवर. दुष्काळाचं वर्ष होतं आणि जालना रोडनं करमाडकडं रोज नवी कॉलनी उगवत होती. घरं झाली, नळ नाही. टँकर आला की ड्रमवरून मारामाऱ्या. भास्करनं एका रविवारी स्वतः ऑइलपेंटनं प्रत्येक ड्रमवर नंबर टाकले आणि मला म्हणाला, "अन्या, पाळीची यादी कॉम्प्युटरनं काढू. मशीन कुणाचा पाव्हणा नाय." त्यातून आमचं सॉफ्टवेअर झालं. फुकट, उघडं; कुणीही घ्यावं, कुणीही सुधारणा पाठवावी. पुढं कितीतरी कॉलन्यांनी ते घेतलं. पहिल्या पानावर मी मोठ्या अभिमानानं एक ओळ लिहिली : 'इथं राजकारण नको.'

आणि एक नियम भास्करनं केला. कुठलाही बदल आत घ्यायची किल्ली दोघांकडंही होती. पण दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कुणी काहीही घ्यायचं नाही. "शेतात बी पेरताना बाप मला मागं चालायला लावायचा," तो म्हणायचा, "चूक मागच्यालाच दिसती." प्रत्येक बदलापुढं 'तपासणार' असा रकाना असायचा. त्यात त्याच्या कामापुढं माझं नाव, माझ्या कामापुढं त्याचं.

मग कुणीतरी एक बदल पाठवला. यादीत 'विशेष' नावाचा नवा कॉलम. भास्कर गावाकडं गेलेला. मी कोड वाचला... काय सुबक लिहिला होता! एक फालतू ओळ नाही. इतका खूश झालो की त्याची वाट न बघता आत घेतला. हा कॉलम कशासाठी, हे विचारायचं मला सुचलंही नाही. महिन्याभरानं भास्कर घरी आला, चप्पल न काढता दारातच उभा राहिला. एका नगरसेवकाची माणसं आपल्या मतदारांपुढं 'विशेष' लिहीत होती, की त्यांचे ड्रम पाळीत पहिले. मागच्या गल्लीतले ड्रम आठ-आठ दिवस कोरडे.

"ते त्यांनी कसं वापरायचं, हा आपला प्रश्न नाही," मी म्हणालो. "आपण राजकारणात पडायचं नाही."

"पाणी आधी कुणाला द्यायचं ते ठरवणारी ओळ तू आत घेतली, अन् मला म्हणतो राजकारण नको? लई हुशार रे तू."

"तू पक्षाचा माणूस झालास," मी म्हणालो. माझ्या मित्राला, माझ्याच दारात! तो निघून गेला. नंतर त्याचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. चूक कळली होती, पण कबूल करायला जीभ रेटेना... चार वर्षं रेटली नाही.

शोकसभेहून येऊन मी प्रोजेक्टचं पान उघडलं. त्याची एक दुरुस्ती तिथं पडून होती. तो कॉलम काढून टाकणारी, आमच्या भांडणाच्याच आठवड्यातली. किल्ली त्याच्याकडंही होती. मनात आणलं असतं तर एका मिनिटात झालं असतं. पण रकान्यात लिहिलं होतं, तपासणार : अनंत. खाली दोन शब्द, "बघून घे." मी मोडलेला नियम तो माझ्यासाठी पाळत बसला होता. मी बटण दाबलं. आत जाईना. भांडणानंतर मी कॉलन्यांतल्या पोरांना किल्ली देऊन पान बघणं सोडलं होतं; चार वर्षांत त्यांनी कोड इतका बदलला होता की त्याची दुरुस्ती त्यात बसतच नव्हती.

मग त्या कॉलमची ओळ न ओळ हातानं काढत बसलो. पहिल्या पानावरची माझी ती अभिमानाची ओळही काढली. दुसऱ्या दिवशी एका कॉलनीतून फोन आला, "काका, या वयात तुम्ही कुठं राजकारणात पडले? आमच्याकडं जुनंच चालू राहील." राहणारच. फुकटची उघडी वस्तू, मी कोण अडवणार.

पण आदल्या दुपारी काम संपवलं तेव्हा रकान्यात बोटांनी सवयीनं त्याचंच नाव टाकलं. मग एकट्यानंच बदल आत घेतला. नियम दुसऱ्यांदा मोडला. पानावर त्या कामापुढं अजून तसंच दिसतंय : तपासणार : भास्कर. उत्तर आलेलं नाही.