भाऊजींचा वर्ग

कोणतीही वस्तू माझ्या चुलत दिरांच्या हाती दोन मिनिटं द्यावी, तिचे वर्ग पडल्याशिवाय राहायचे नाहीत. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा ते एका ऑफिसात सर्व्हेचे कारकून होते. घरोघर फिरून माहिती विचारायची, तिची वर्गवारी करायची आणि ग्राफ पेपरवर तिचे उंच-बुटके खांब काढायचे, हे त्यांचं काम. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून मुक्काम आमच्याच क्वार्टरमध्ये. मी तांदूळ निवडायला बसले की भाऊजी शेजारी बसून खड्यांचे बारीक, मध्यम आणि "दात पाडणारे" असे ढीग लावत. तांदूळ तसेच राहत. पाहुण्यांचेही वर्ग होते. चहा घेणारे, नको म्हणून घेणारे, आणि नको नको म्हणत बशी पुढे करणारे. एकदा मुलगी पाहायला गेले, तर बापानं तिचं वय वीस सांगितलं. भाऊजींच्या डोक्यात एक वर्ग दहा ते वीस, दुसरा वीस ते तीस. "एकोणीस तरी सांगा, नाही तं एकवीस. वीस मी कोठी टाकू?" असं भर बैठकीत म्हणाले आणि चहाआधीच परत आले.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं घरातल्या प्रत्येकाच्या पोळ्यांचा एकेक खांब काढला होता. आमच्या यजमानांचा छताकडे निघालेला. शेवटचा खांब भाऊजींचा स्वतःचा, आणि त्याखाली लिहिलेलं, "इतर".

"तुमी इतर काऊन?" मी विचारलं.

"कुटुंब म्हणजे नवरा, बायको, लेकरं. उरलं ते इतर. शास्त्र हाये ते, वैनी," असं म्हणून त्यांनी आणखी अर्धी पोळी मागितली.

त्याच सुमारास आमची शकू शाळेत जायच्या वयाची झाली. वस्तीतली शाळा हिंदी, खेळणारी पोरं हिंदी. एक दिवस ती मला म्हणाली, "माँ, पानी दो." मला हिंदी धड येत नव्हती. आपलंच लेकरू आपल्याशी परक्या भाषेत बोलायला लागलं होतं. म्हणूनच भाऊजींच्या ऑफिसातून हुकूम निघाला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. कोणत्या भाषेची घरं किती आहेत ते पाहा, पुरेशी असली तर शाळेत मराठीचा वर्ग उघडू, असा तो हुकूम होता. आणि सर्व्हे आमच्याच भाऊजींकडे!

भाऊजींनी थेट लांबच्या चरोदा गावापर्यंत सायकल मारली आणि रंगीत खांबांचा सुरेख ग्राफ काढून माझ्यापुढे धरला. हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, सगळे ताठ उभे. मराठीचा खांब मात्र एवढासा, आणि त्याच्या शेजारी खुरट्या खांबांची रांग. नागपुरी, वऱ्हाडी, झाडी, भंडाऱ्याची, आणि एक नुसती "घरची". आमच्या लोकांना भाषा विचारली की ते गावाकडचं नाव सांगणार. मराठी म्हणजे पुस्तकातली, पुण्याकडची. ती आपली कशी असेल?

"भाऊजी, हे सारे एकच नाही काय?"

"मले समजते, वैनी. पण माणसानं सांगतलं तेच लिहा लागते. माह्या मनानं वर्ग बदलवला तं सर्व्हे कायचा?"

माझ्या हातातला तवा खाली आदळला. "तुमच्या शास्त्रापायी माही पोरगी मले परकी होऊन राहिली, अन् तुमी खांब रंगवून राहिले!"

भाऊजींनी ग्राफ खाली ठेवला. मग म्हणाले, "वैनी, आणखी थोडं रागवा."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा दारोदार निघाले. आता भाषेचं नाव विचारायचंच नाही. "बाई, लेकरावर रागावता तशा माह्यावर रागवा," एवढंच म्हणायचं आणि खाली मान घालून ऐकायचं. भंडाऱ्याची एक बाई तर मनापासून सुटली, "अरे रिकामटेकड्या, तुले कामधंदा नाही काय? लोकाच्या दारात काऊन उभा हायेस?" भाऊजी आनंदानं मान डोलवत "मराठी" लिहीत होते. घरी येऊन म्हणाले, "नाव मालूम नसन लोकाईले, भाषा तं तोंडातच हाये."

नव्या ग्राफात खुरटी रांग गेली आणि मराठीचा खांब असा वर आला, की साहेबांना वर्ग उघडावाच लागला. आयुष्यभर वर्ग पाडणाऱ्या भाऊजींचा हा एकच वर्ग, ज्यात पोरं बसली.

शकू अक्षरं शिकली. एका दुपारी ती पाटावर चढली, ओल्या बोटानं भिंतीवरचं "इतर" पुसलं आणि गेरूनं तिथं "काका" लिहिलं. भाऊजी जेवायला आले, तेव्हा त्यांनी ते वाचलं. "शास्त्रात बसत नाही हे," म्हणाले. पण पुसलं काही नाही. त्या दिवशी पोळ्या जास्त खाल्ल्या आणि खांब वाढवायचं विसरले.

ते क्वार्टर सुटलं, भिंतीवर चुना चढला, भाऊजीही गेले. मला त्यांची फार आठवण येते. शकूची मुलं सुट्टीत येतात ती माझ्याशी हिंदीच बोलतात. मग मी त्यांच्यावर उगाचच रागावते. तेवढं त्यांना अजून बरोबर समजतं.