धुवायचा फिल्टर

नसरापूर फाट्यावर, पंक्चरवाल्याच्या शेजारी, इस्माईलचं गाड्यांच्या एसीचं दुकान होतं. मूळचा भोरचा. वडील बाजारात स्टोव्ह दुरुस्त करायचे. स्टोव्ह मागे पडले तसा इस्माईल पुण्याला एका गॅरेजात गेला, आठ वर्षं एसीचं काम शिकला आणि दोन हजार एकच्या सुमाराला परत येऊन फाट्यावर बसला. तेव्हा या भागात एसीच्या गाड्या थोड्याच होत्या. पण पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी गाडी बंद पडली की लोक त्याचंच नाव सांगायचे.

इस्माईल एरवी अबोल होता. कामाबद्दल कुणी विचारलं, तर मात्र हातातला पाना खाली ठेवून नीट समजावून सांगायचा. आपला सल्ला कधी चुकत नाही, असं तो मनातल्या मनात मानायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता.

वरवे बुद्रुकचा हनुमंत हा त्याचा भोरच्या शाळेतला जोडीदार. त्याची एक जुनी पांढरी मोटार होती, ती तो भाड्यानं चालवायचा. शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्यांना मार्गासनीवरून वेल्ह्याला सोडायचं आणि इतर दिवशी हायवेच्या कामावरच्या साहेबांना फिरवायचं. रस्ता रुंद करायचं काम तेव्हा जोरात होतं. दोन्ही बाजूंनी खणलेलं, आणि दिवसभर पांढरा धुरळा उडत असायचा.

हनुमंतची बायको फुलाबाई अकरा वर्षं खडीच्या क्रशरवर कामाला होती. तोंडाला पदर बांधायचा आणि चाळणीखालची खडी ओढायची, हे तिचं काम. पस्तिशी उलटली आणि खोकला लागला. आधी टीबी म्हणून गोळ्या झाल्या. उतार पडेना, तेव्हा हनुमंतनं तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला. दगडाची भुकटी फुफ्फुसात जाऊन बसली आहे, ती आता निघणार नाही. आणखी धूळ जाऊ देऊ नका, एवढंच आपल्या हातात आहे, असं ते म्हणाले. क्रशर सुटला. दर पंधरा दिवसांनी पुण्याची फेरी सुरू झाली.

दोन हजार पाचच्या जानेवारीत असंच पुण्याहून परत येताना हनुमंतनं गाडी दुकानापुढे थांबवली. फुलाबाई मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती. काच जराशी खाली करून ती म्हणाली, "भावजी, या गाडीत काचा लावून एसी चालू केला ना, की जरा हलकं वाटतं बगा. घरात न्हाई वाटत तसं."

इस्माईलनं पुढच्या सीटसमोरचा कप्पा काढून आत बॅटरी मारली. फिल्टरची जागा रिकामीच होती. आधीच्या मालकानं काढून टाकला असणार.

"हनुमंता, ही हवा नुसती गार हाये. धूळ हाये तशीच आत येती. फिल्टर बसवाय लागंल."

"मग बसव की."

"दोन परकारचे येतात. एक कागदाचा. बारीक धूळसुदिक धरतो, पर धुता येत न्हाई, भरला की टाकायचा. आन् तो पुण्यातनंच आणाय लागतो. दुसरा स्पंजाचा, धुवायचा. थोडी बारीक धूळ सुटती त्यातनं, पर आठ दिवसाला धुतला की पुन्ना नव्यासारखा."

हनुमंतनं एकदा मागच्या सीटकडे पाहिलं. "तुज्या घरचं माणूस आसतं तर कुठला घातला आसता?"

कागदाचा चांगला, हे त्याला माहीत होतं. पण हनुमंत दिवसभर त्या उकरलेल्या रस्त्यावर. कागद पंधरा दिवसांत गच्च होणार. दुसरा वेळेवर मिळाला नाही तर तुंबलेल्या फिल्टरमधून हवाच येणार नाही, आणि मग हा काचा उघडणार. त्यापेक्षा सतत साफ राहणारा बरा.

"धुवायचा," तो म्हणाला. "आदी झटकायचा, मंग साबणाच्या पाण्यात धुवायचा, आन् सावलीत पार वाळला की मगच बसवायचा. वला ठिवला तर बुरशी धरंल."

कसा काढायचा, कसा घालायचा, हे त्यानं हनुमंतकडून दोनदा करून घेतलं. फुलाबाई मागून सगळं बघत होती.

पुढचे काही महिने बरे गेले. निदान हनुमंत तसं सांगायचा. येता-जाता गाडीत तिला झोप लागते म्हणायचा. "तुजा फिल्टर लागू पडला गड्या," असं तो एकदा म्हणाला, त्या दिवशी इस्माईलनं घरी जाऊन रुकसानाला, आपल्या बायकोला, ते दोनदा सांगितलं. पावसाळ्यानंतर मात्र फुलाबाईचा दम पुन्हा वाढला. ओट्यापासून चुलीपर्यंत चालली तरी तिला बसावं लागे.

नोव्हेंबरात ईद झाली. रुकसानानं शीरखुर्म्याचा डबा भरून दिला आणि इस्माईल वरव्याला गेला. पुढच्या दारी कुणी नव्हतं. मागून धप् धप् आवाज येत होता म्हणून तो घराला वळसा घालून गेला.

फुलाबाई धुण्याच्या दगडापाशी बसली होती. हातात फिल्टर होता. तो ती दगडावर आपटत होती, आणि दर आपटीला पिठासारखी पांढरी भुकटी उठून तिच्या तोंडावर येत होती. चार वेळा आपटायची, मान बाजूला करून खोकायची, पुन्हा आपटायची.

"वैनी! आवं काय करताय हे?"

ती दचकली. पदरानं तोंड पुसून हसली. "झटकतीया. आदी झटकायचा, तुमीच सांगितलं न्हव का?"

"पर तुमी कशाला? हनुमंत कुठंय?"

"त्यास्नी कुठं सवड हाये. आन् माज्यासाठीच हाये ना ह्यो? मग म्याच धुती." तिला दम लागला. जरा थांबून ती कौतुकानं म्हणाली, "तुमी आठ दिवसाला म्हनला व्हता. म्या चार दिवसालाच करती. लई धूळ धरतोय, बगा."

इस्माईलनं फिल्टर तिच्या हातातून काढून घेतला. परत झटकू नका, एवढंच म्हणाला. ती बिचारी ओशाळली. आपल्या हातून काही बिघडलं का, असं दोनदा विचारत राहिली. डबा तसाच ओट्यावर ठेवून तो निघाला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो पुण्याला गेला आणि कागदाचे सहा फिल्टर घेऊन आला. त्यातला एक गाडीत स्वतः बसवून दिला. हनुमंतनं कारण विचारलं तर म्हणाला, "आता मिळाय लागलेत." पुढच्या फेरीला तो त्यांच्यासोबत दवाखान्यात गेला. हनुमंत औषधाच्या रांगेत असताना तो एकटाच डॉक्टरांपुढे उभा राहिला आणि सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "अकरा वर्षांची धूळ आहे ती. यानं फार फरक पडला नसेल."

"फार न्हाई, म्हंजी?"

डॉक्टरांनी केसपेपर खाली ठेवला. "ते सांगता येणार नाही. कुणालाच."

हे उत्तर घेऊन इस्माईल बाहेर आला. परतीच्या वाटेवर हनुमंतला सांगायचं त्यानं ठरवलं होतं, पण मागे फुलाबाई जागी होती. त्यानंतरही तो सांगू शकला नाही. फिल्टर मात्र दर दहा दिवसांनी बदलत राहिला. पाचवा बसवला तेव्हा फुलाबाईला गाडीत बसणंही झेपेनासं झालं होतं. घरातच ऑक्सिजनची नळकांडी आणून ठेवली होती. फेब्रुवारीत, दुपारच्या वेळी, ती गेली.

हनुमंतनं गाडी विकली आणि तो भोंगवलीला थोरल्या बहिणीच्या शेतावर राहायला गेला. इस्माईलचं दुकान चालूच राहिलं. पण कुणी विचारलं, कुठला घालू, तर तो दोन्ही फिल्टर गिऱ्हाईकापुढे ठेवायचा आणि गप्प बसायचा. लोकांना वाटायचं, हा माजला.

वर्षभरानं एकदा तो एसटीनं भोंगवलीला गेला. हनुमंत गोठ्यापाशी बसला होता. इस्माईलनं पाणीसुद्धा न घेता, ईदच्या दिवशी जे पाहिलं ते सांगून टाकलं.

हनुमंतनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मला म्हाईत हाये," तो म्हणाला. "म्या बगायचो तिला झटकताना. मला वाटायचं, चांगलंच करतीया."

इस्माईल त्याच्या शेजारी टेकला.

"तुला निदान दिसलं तरी," हनुमंत म्हणाला. "म्या घरात व्हतो."

ऊन अंगावर येईपर्यंत ते तिथेच बसून होते. मग गुरं पाण्यावर न्यायची म्हणून हनुमंत उठला, आणि इस्माईल एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.