घरात मळकं काही नाही

गल्लीत त्याला सगळे ‘कडक’ म्हणत. निम्मं नाव इस्त्रीमुळे पडलं होतं, निम्मं चेहऱ्यामुळे. पुढं लॉन्ड्री, मागं दोन खोल्या, मधे एक पडदा. दुकानात तो लोकरीचे कपडे पेट्रोलमध्ये धुवायचा. त्या वाफेनं त्याचं नाक गेलं. कधी गेलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. एकदा दूध करपून घरभर धूर झाला तरी हा शेजारी बसून बटण लावत होता, तेव्हा बायकोनं कपाळावर हात मारला होता.

“अहो, नाकालाही इस्त्री फिरवलीत की काय?”

तेव्हापासून डाग हुंगायचं काम तिच्याकडे आलं. तो पडद्याखालून कपडा सरकवायचा, आतून उत्तर यायचं. “तेल.” “खोकल्याचं औषध.” “हे अत्तर आहे, आणि त्याच्या बायकोचं नाही.” मग दोघं पडद्याच्या दोन बाजूंना हसत बसायची.

पावसाळा सरता सरता ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. त्यानंतर कडक रडला नाही, त्यानं धुतलं. चादरी, अभ्रे, तिचे सगळे कपडे, खिळ्यावरचा टॉवेल. बहीण मदतीला आली होती. ती म्हणाली, “अरे, जरा बस की.” तो म्हणाला, “मशीन चालू आहे.”

तिचा राखाडी स्वेटर तेवढा वाचला, कारण धाकटीनं तो गादीखाली दडवला होता. चार वर्षांची पोर. थंडीभर ती त्या स्वेटरात नाक खुपसून झोपली. स्वेटर जवळ असला की आई कुठंय म्हणून विचारायची नाही. थोरली आठ वर्षांची. ती काहीच विचारायची नाही.

मग ऊन चढलं. दुकानात लोकरीचे ढीग पडले. थंडी संपली की लोकर धुऊनच ठेवायची, नाहीतर मळक्या जागी कसर लागते, किडा लोकरीला भोकं पाडतो, हे तो गिऱ्हाइकांना दरवर्षी सांगायचा. धाकटीच्या गळ्यावर घामोळं उठलं होतं. एका सकाळी ती खेळायला गेली आणि त्यानं स्वेटर उचलला.

इतकं मन लावून त्यानं कुणाचंच काम केलं नव्हतं. गोळे कातरले, कोपराचा उसवलेला टाका घेतला, बटण बदललं. मग कागदात बांधून धाकटीच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

तिनं नाक लावलं. पुन्हा लावलं. उलटा करून लावलं.

“हा आईचा नाही.”

“आईचाच आहे, बाळा.”

“तुम्ही बदललात!”

असं गिऱ्हाइकं नेहमी म्हणत, आणि त्यावर त्याचं उत्तर तयार असे. तो उकिडवा बसला. “हे बघ, इथं शाई सांडली होती. हा कोपरा बघ, मीच शिवलाय. आपल्या दुकानात कपडा बदलत नाही.”

धाकटीनं स्वेटर जमिनीवर टाकला आणि जी रडायला लागली, ती ओकारी येईपर्यंत.

थोरली दारात उभी होती. “बाबा, आईचा वास येत होता त्याला.”

“वास?”

त्यानं स्वेटर उचलून तोंडावर दाबला. लोकर टोचली, बस. तो उठला आणि कपाट उघडलं. अभ्रे, टॉवेल, ओढण्या, एकेक काढून थोरलीच्या नाकाशी धरू लागला. “ह्याला? ह्याला येतो का?” थोरली मान हलवत राहिली. सगळं त्यानंच धुतलेलं. घरात मळकं म्हणून काही उरलं नव्हतं.

शेवटी तो त्या कपड्यांतच खाली बसला. “कसा होता गं वास?”

थोरली विचारात पडली. “साबणाचा... आणि तव्याचा. थोडा घामाचा.”

“आणि?”

“आणि मग... तो तिचाच होता, बाबा. कसा सांगू?”

पुढच्या थंडीत स्वेटर कपाटातून निघाला. धाकटीनं बाह्या चार वेळा दुमडून तो सरळ अंगात घातला. कडक पाहत होता. नाकाशी नेईल म्हणून वाट पाहत होता. तिनं नेला नाही. त्याच स्वेटरात ती अंगणात लोळली, जेवली, तापात तीन रात्री घामेजून पडली.

ऊन चढलं, तसे दुकानात पुन्हा ढीग पडले. एका दुपारी त्यानं राखाडी स्वेटर हातात घेतला. गळा काळा झाला होता, बाहीवर शेंबूड वाळला होता. त्यानं तो थोरलीपुढं धरला.

“वास येतो?”

“येतो. धाकटीचा.” तिनं नाक मुरडलं. “शी! द्या, मशीनमध्ये टाकते.”

त्यानं दिला नाही. तसाच घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवला.

“बाबा, कसर लागेल.”

“लागू दे,” तो म्हणाला आणि पडदा सारून दुकानात गेला.