निघोजचे रांजणखळगे आणि गुरुवारची सुट्टी

बायको दोन महिन्यांपासून तळेगावला भावाकडे राहते. आधीच सांगून टाकतो, म्हणजे फोटोत मी एकटाच का, असं कमेंटमध्ये कुणी विचारायला नको.

भांडण असं झालंच नाही. आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, वैशालीच्या शाळेला रविवारची. अकरा वर्षं हेच. ती भूगोल शिकवते. निघोजचे रांजणखळगे बघायला जोडीनं जायचं, हे लग्नाच्या वर्षीच ठरलं होतं. दिवाळीनंतर जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, करत राहिलं ते राहिलंच. गेल्या गुरुवारी घर अगदी खायला उठलं, तेव्हा म्हटलं, चला राव, आपण तरी जाऊन येऊ. फोटो पाठवले की तिला बरं वाटेल, बोलणं सुरू होईल. डोकं बघा माझं!

सकाळी सहाला चिंचवडहून बाइक काढली. मोशी, चाकण, शिक्रापूर, शिरूर आणि तिथून डावीकडे निघोज. एका बाजूनं शंभरेक किलोमीटर. चाकण-शिक्रापूर रस्त्यावर ट्रेलरची रांग लागते, त्यामुळे सहाच्या पुढे निघूच नका. शिरूरला मिसळ खाल्ली. समोरच्या खुर्चीवर हेल्मेट ठेवलं होतं, सोबतीला तेवढंच.

कुकडी नदीच्या पात्राशी उतरलो आणि तोंडातून ‘आयला!’ निघालं. सगळा काळा कातळ, आणि त्यात रांजण पुरून ठेवावेत तसे खोल, गोल खळगे. काही ठिकाणी दोन खळग्यांमधली भिंत झिजून त्यांचा एकच झालेला. कडेला एक मावशी शेळ्या राखत बसल्या होत्या.

“एकटंच आला व्हय? हितं समदी जोडीनं येत्यात.”

“बायकोला सुट्टी नाही, मावशी. एवढा दगड पाण्यानं कोरला म्हणायचा?”

“पानी नुसतं फिरवतंय. कोरत्यात ते गोटे. वाकून बघा की, हायेत अजून तळाला.”

वाकलो. लिंबाएवढे गुळगुळीत गोटे होते. पुरात भोवरा होतो, खोलगट जागेत अडकलेले गोटे गरागरा फिरतात, कातळ घासतात आणि स्वतःही झिजतात. पूर ओसरला की काम बंद, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चालू. अशी हजारो वर्षं.

मी कंपनीत ग्राइंडिंगवर आहे. एका फेरीत धातू किती निघाला ते डोळ्याला दिसत नाही, मोजमाप घेतल्यावरच कळतं. तिथे उन्हात बसून मला आमचं घर आठवलं. ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट, फ्रिजवरच्या चिठ्ठ्या, नाइट शिफ्टहून मी झोपायला यायचो तेव्हा तिचं चप्पल घालणं. यातल्या कशानंही कुणाला लागलं नव्हतं. फार एकटं वाटलं हो.

कडेला शेवाळ असतं, पावसाळ्यात खाली उतरू नका. सावली नाही, टोपी आणि पाणी घरूनच न्या. पेट्रोल, मिसळ, चहा धरून पाचशेच्या आसपास खर्च झाला.

संध्याकाळी घरी आलो, वैशालीला फोटो पाठवले आणि फोन लावला. “मला सोडून गेलात?” म्हणून ती कडाडेल, याची खात्री होती. उत्तरही तयार ठेवलं होतं.

“छान आलेत,” ती म्हणाली. “वर्गात दाखवते मुलांना. जेवलात का तिकडे?”

“तू रागावली नाहीस?”

“नाही हो. त्यात काय रागवायचं?”

खरंच रागावली नव्हती. पूर्वी असतं तर चार दिवस बोलली नसती. फोन ठेवल्यावर मला त्या चार दिवसांची आठवण येऊन रडूच आलं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. पण ज्याच्याबरोबर जायचं ठरलंय, त्याच्याबरोबर जा. मला फक्त एका रविवारी रजा टाकायची होती. माझ्या एकोणीस रजा शिल्लक आहेत.